लांब पायाचा आर

पक्क.

एवढासाच आवाज झाला, पण तिच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली. तिची लेक बटण आत्ताच कुठे झोपली होती. घर गपगार होतं, नळसुद्धा टपकत नव्हता, आणि आतल्या खोलीतून आलेला तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. पुठ्ठ्याच्या लांब नळीचं झाकण ओढून काढलं की असाच आवाज येतो. त्या नळीत तिची अक्षरं होती.

ती अनवाणीच उठली. दाराशी पोचेपर्यंत झाकण परत बसलं होतं. नळी कपाटाशेजारच्या कोपऱ्यात साळसूदपणे उभी होती आणि सासूबाई हातात फडकं घेऊन कपाटाचं दार पुसत होत्या. फडकं कोरडं होतं. कपाट सकाळीच पुसून झालेलं होतं.

"काही हवं होतं का, आई?"

"मला काय हवं असणार? धूळ बघ केवढी बसते."

"पडला नाहीत जरा?"

"पडून काय करू? झोप कुठे येते. तू जा, तुझं काम कर. पोरगी उठली की बसशील हात चोळत."

बोलणं रोजचंच. पण हे सगळं सासूबाईंनी तिच्याकडे न बघता कपाटाच्या मुठीला सांगितलं. कालपासून तिच्या मनात जो किडा वळवळत होता, त्यानं आता चांगलंच डोकं वर काढलं.

काल बटणला शाळेतून आणताना नेहमीचा रस्ता खणलेला होता, म्हणून ती मागच्या गल्लीनं आली. तिथं एका कोरीवकामवाल्याचं दुकान आहे. दारावरच्या पाट्या, शाळांच्या ढाली, पेले, सगळ्यांवर तो नावं कोरून देतो. त्याच्या काचेच्या दारावर नवं नाव आलं होतं, सोनेरी. ते वाचायच्या आधी तिला ते दिसलं. स्वतःच्या मुलाला भलत्याच बाईच्या कडेवर बघावं तसं.

ती तिची अक्षरं होती.

बटण झोपली की, आजीबरोबर खाली खेळायला गेली की, असे तुकडे जोडत जोडत तिनं ही इंग्रजी अक्षरं काढली होती. नटवी होती ती. उभा दांडा भरदार, आणि त्यातून निघणारी आडवी रेघ केसाएवढी बारीक. दांड्याच्या टोकाला जी छोटी पायरी असते, जिला धंद्यातले लोक सेरिफ म्हणतात, ती इतर फॉन्टमध्ये मुकाट्यानं जमिनीवर टेकते. तिच्या अक्षरांत ती टेकता टेकता किंचित वर उचलली जायची, वेलीच्या कोंबासारखी. 'जी'च्या डोक्यावर कानातलं लोंबत होतं. 'सी'च्या तोंडाशी पडू-पडू झालेला थेंब होता. आणि 'आर'चा पाय! तो दांड्यापासून निघून असा ऐसपैस पुढे जायचा, की शेजारच्या अक्षरानं सरकून बसावं.

ही अक्षरं कुठे लावायची आणि कुठे नाही, हे तिला पाठ होतं. अत्तराच्या बाटलीवर लावा, कादंबरीच्या वेष्टणावर लावा, निमंत्रणावर, नाटकाच्या जाहिरातीवर लावा. दोन-चारच शब्द असावेत, मोठे असावेत, आणि आजूबाजूला भरपूर मोकळी जागा असावी. पानभर मजकूर ह्यात लावला तर वाचणारा अर्ध्या पानात डोळे चोळेल. तिच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. तो पहिल्यांदा ही अक्षरं बघून म्हणाला होता, "छान आहेत. पण ह्यात खोकल्याच्या औषधाचं नाव छापलंस तर लोक ते मानेला लावून फिरायला जातील."

म्हणजे घरातल्यांनी ती बघितली होती. घराबाहेर मात्र फक्त एका बाईनं. घरात सगळे त्या बाईला फॉन्टवाली म्हणायचे. ती फॉन्ट विकणारी कंपनी चालवायची आणि पुढच्या शुक्रवारी हा फॉन्ट तो काढणारीच्या नावानं बाजारात आणणार होती. तिच्या नावानं! दुसऱ्यांच्या चमच्यांवर, डब्यांवर, दिव्यांवर तिनं आजवर कितीतरी अक्षरं काढून दिली, पण खाली नाव कधीच नव्हतं. फॉन्टवालीची अट एकच होती. अक्षर कोरं हवं, आधी कुठेही दिसलेलं नको.

आणि ते मागच्या गल्लीत दारावर दिसत होतं.

"आई, चल ना," बटण हात ओढत होती.

"थांब गं जरा."

ती दारावरच्या 'आर'कडे बघत होती. त्याचा पाय लांब होता. तिच्या आत्ताच्या 'आर'पेक्षा लांब. तो पाय पुढच्या अक्षराला अडखळतो म्हणून तिनं तो गेल्या वर्षी आखूड केला होता, आणि फॉन्टवालीकडे गेला तो आखूड पायाचाच. लांब पायाचा 'आर' एकाच कागदावर होता. तो कागद होता नळीत, आणि नळी होती घरात.

म्हणजे घरातलंच कुणीतरी.

रात्रीपर्यंत थांबणं काही तिला जमलं नाही. काल संध्याकाळीच सगळे टेबलाशी बसले आणि तिनं वाटी पुढे सरकवता सरकवता खडा टाकून बघितला.

"मागच्या गल्लीतल्या कोरीवकामवाल्यानं दारावर नवं नाव लिहिलंय."

"कुठला कोरीवकामवाला?" नवरा म्हणाला. जरा जास्तच चटकन. आणि त्यानं आईच्या पेल्यात पाणी ओतलं. पेला भरलेलाच होता, पाणी टेबलावर आलं.

"सोनेरी आहे. बघण्यासारखं आहे."

"असेल. लिहितात लोक. दुकान म्हटलं की नाव आलंच."

"मीठ कमी झालंय का गं?" सासूबाई म्हणाल्या.

मिठाचं कुणी नावही काढलं नव्हतं. बटणनं मात्र तत्परतेनं सांगितलं, "आजी, मीठ बरोब्बर आहे. बाबानं पाणी सांडलं, त्याला ओरड."

सासूबाई फडकं आणायला उठल्या.

त्या दिवसापासून तिला घर नव्यानं दिसायला लागलं, आणि जे दिसलं ते काही बरं दिसेना. ती स्वयंपाकघरात शिरली की मायलेकांचं बोलणं तुटायचं आणि एकदम हवेबद्दल सुरू व्हायचं. सासूबाई अधूनमधून "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून जायच्या, हे तर जुनंच. पण पाय मोकळे करायला पिशवी कशाला लागते? एकदा त्या पिशवीतून घासलेट ओतल्यासारखा उग्र वास आला. बुटांच्या कडांना गवत चिकटलेलं. मागच्या गल्लीत तर गवताचं पातं नाही.

नवऱ्यानं विकलं असेल का? ती कपडे वाळत घालता घालता विचार करायची आणि स्वतःलाच दटावायची. ज्याला दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून उरलेले सुटे मागायला लाज वाटते, तो काय विकतोय. मग सासूबाई? त्यांना पहिल्यापासूनच तिचं हे काम म्हणजे रेघोट्या वाटायचं. "डोळे फोडून घेतेस, पोरगी रडतेय तिकडे," असं कितीदा तरी ऐकवून झालं होतं. रेघोट्याच वाटत असतील तर दिल्या असतील कुणाला सहज उचलून. रद्दीत द्यावं तसं.

पण मग सरळ सांगत का नाहीत? लपवतात ते काय?

नकाशे काढणारे म्हणे नकाशात मुद्दाम एखादी खोटी गल्ली घुसवतात. दुसऱ्याच्या नकाशात तीच गल्ली सापडली की चोर सापडला. तिनं तेच केलं. नळीतला जुना कागद काढून घडी न पाडता गादीखाली सरकवला, आणि हुबेहूब तसाच दुसरा छापून नळीत ठेवला. फक्त 'आर' बदलला. त्याचा ऐसपैस पाय तिनं उलटा, आत वळवला. घाबरलेल्या कुत्र्यानं शेपूट घालावं तसा तो दिसत होता. काढताना तिलाच कसंसं झालं. आता हा 'आर' कुठल्या दारावर, कुठल्या पेल्यावर उगवतो ते बघू, असं म्हणून तिनं झाकण दाबून बसवलं.

तो कुठेच उगवला नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती बटणच्या फ्रॉकला बटण लावत बसली होती, तेव्हा सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"तू तो आर का बिघडवलास?"

सुई तिच्या बोटात गेली.

"कुठला आर?"

"कुठला म्हणजे? ह्यांचा आर. चांगला पाय पसरून होता, त्याला काय लकवा मारला? बघवत नाही मला. पहिल्यासारखा कर."

"म्हणजे तुम्ही नळी उघडता, आई."

"उघडते." सासूबाईंनी हनुवटी वर केली. "रोज उघडते. तू काय मला कोर्टात उभी करणार आहेस?"

"आणि कोरीवकामवाल्याकडे कागद तुम्हीच नेलात."

आता मात्र त्या बसल्या. पलंगाच्या अगदी कडेवर, पाहुण्यासारख्या.

फॉन्ट तयार होताना तो तपासायला सगळे काहीतरी ठरावीक शब्द छापून बघतात. तिनं घरातल्यांची नावं छापली होती. अशा नटव्या अक्षरांत शेवटी नावंच छापली जातात, मग नावांनीच तपासावं, असा तिचा हिशोब. तेव्हा सासरे आजारी होते. त्यांचा पलंग खिडकीशी होता, आणि ती समोरच्या भिंतीवर कागद टाचून त्यांना विचारायची, "बाबा, तिथून वाचता येतं का?" त्यांना उठवत नव्हतं, पण जीभ शाबूत होती. "येतं, येतं. पण तुझा जी कुठे निघालाय एवढे दागिने घालून? आणि आर मला आवडला. माणसानं असं पाय पसरून बसावं." त्यांच्या नावात 'आर' होता. तो कागद ते असेपर्यंत भिंतीवरच राहिला, नंतर नळीत गेला.

"मी तुला विचारलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "आठवतं का? बागेतल्या बाकावर त्यांच्या नावाची पाटी लावायची ठरली तेव्हा. म्हटलं, तुझ्या अक्षरात कर."

तिला आठवलं. आणि आपण काय उत्तर दिलं तेही आठवलं. हे अक्षर पितळेसाठी नाही, आई. उघड्यावर ह्याच्या बारीक रेघा बुजतील. साधं, जाड अक्षर घ्या, वर्षानुवर्षं टिकेल. बरोबरच होतं ते उत्तर. सासूबाई तेव्हा "बरं" म्हणाल्या होत्या. पाटी बसवली त्या दिवशी बटणला कांजिण्या आलेल्या, म्हणून ती घरी राहिली. मग जाऊ-जाऊ म्हणत जाणं राहूनच गेलं.

"तू टिकण्याचं सांगत होतीस. मला ते नाव त्यांनी बघितलं होतं तसं हवं होतं. म्हणून नेला कागद, पाटी करून घेतली, कागद परत आणून ठेवला. तुझ्या नवऱ्यानं पाटी बसवली. तुला सांगू नको असं मीच बजावलं त्याला. अधूनमधून जाते, पाटी घासून येते. झालं? दाराचं मला काही ठाऊक नाही. दारावर लिही असं मी त्या दुकानवाल्याला नाही सांगितलं."

सगळा उलगडा झाला होता, आणि तरीही तिला मोकळं वाटेना. हे सगळे मिळून एवढे दिवस तिच्यापासून एक बाक लपवत होते.

कोरीवकामवाल्याकडे ती बटणला घेऊनच गेली. तो हात पुसत बाहेर आला आणि दाराची तारीफ ऐकायला मिळणार अशा चेहऱ्यानं उभा राहिला.

"हे? एका आजीबाईंनी आणलं होतं. जुनं अक्षर आहे हो, शंभर वर्षांपूर्वीचं तरी असेल. मला आवडलं, मी ठेवून घेतलं उतरवून."

"ते माझं आहे."

त्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग कडेवरच्या बटणला. मग खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पाण्याच्या बाटलीला. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती.

"अशी अक्षरं कुणाची नसतात, ताई. ती असतात. तुमचंच कशावरून?"

"ह्या आरचा पाय पुढच्या अक्षरात घुसलाय, बघा. माझी चूक होती ती. नंतर मी आखूड केला."

त्यानं मान वाकडी करून बघितलं. "मला वाटलं तशीच फॅशन आहे."

मग तो हसला, आणि दारावरचं खरवडून टाकायला कबूलही झाला. काच काय, पातं फिरवलं की कोरी. "पण पाटीचं माझ्या हातात नाही हं. ते पितळ आहे. तिथं खोल गेलंय ते."

फॉन्टवालीला तिनं सगळं सांगितलं. लपवायचा विचार आला होता मनात, नाही असं नाही. पण इतके दिवस लपवालपवीचा वास घेत हिंडल्यावर तो स्वतःच्या अंगाला लावून घ्यायची इच्छा होईना.

"दारावरचं उतरतंय ना? उत्तम," फॉन्टवाली फोनवर म्हणाली. "पाटीही उतरव."

"ती माझ्या सासऱ्यांची आहे."

"मला वाईट वाटतं गं. पण ऐक. पाटीवर गेल्या वर्षीची तारीख असेल, आणि मागे कोरणाऱ्याच्या दुकानाचा शिक्का असणार. उद्या कुणी ती दाखवून म्हणालं, हे तर त्या कोरीवकामवाल्याचं अक्षर, तर मी काय सांगू? तुझं नाव खाली टाकायचंय ना मला? मग वर दुसऱ्याचं नको. शुक्रवारच्या आत बघ."

सासूबाईंनी ते ऐकलं आणि भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या, खणातून पेचकस आणला आणि टेबलावर ठेवला.

"तूच जा. तूच उतरव. मी अडवणार नाही."

"आई, दुसरी करू आपण. चांगली, ठसठशीत—"

"मी काही म्हटलं का?"

नवरा दारात उभा राहून एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे बघत होता. "चारच स्क्रू आहेत," तो म्हणाला, आणि दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दुकानात निघून गेला.

हा पेचकस म्हणजे परवानगी होती की परीक्षा, ते बटणला घेऊन बागेत पोचेपर्यंत तिला ठरवता आलं नाही. न भांडणाऱ्या सासूवर किती विश्वास ठेवायचा? उद्या कुणी विचारलं तर "मी तर अडवलंही नाही" म्हणायला त्या मोकळ्या.

बाक तळ्याच्या कडेला होता, गवतात. ती पुढे होऊन वाकली. आपलंच खरं होतं, हे तिला पहिल्या नजरेत कळलं. बारीक रेघांमध्ये पितळ घासायच्या पॉलिशचा पांढुरका गाळ बसला होता. 'जी'चं कानातलं बुजलं होतं, सेरिफांचे उचललेले कोंब घासून घासून बोथट झाले होते. हे अक्षर उघड्यावर राहायचं नव्हतंच. आणखी वर्षा-दोन वर्षांत त्यात वाचण्यासारखं काही उरणार नव्हतं, आणि ते पुसून टाकणारा हात सासूबाईंचाच असणार होता.

मग ती मागे सरकली. पलंगापासून भिंत जितकी लांब होती, साधारण तितकी. आणि तिथून नाव स्वच्छ वाचता येत होतं. आर पाय पसरून बसला होता.

तिनं पेचकस काढला. पहिला स्क्रू सहज फिरला. दुसऱ्याला जोर लागला. बटण बाकावर गुडघे टेकून बसली होती आणि बोटानं एकेक अक्षर गिरवत होती, शाळेत शिकवल्यासारखं, वरून खाली, मग आडवं.

"हे आजोबांचं नाव आहे ना?"

"हो."

"मग ते आजोबांचं. आणि तू दुकानात म्हणालीस, ते माझं आहे."

"मी अक्षरांचं म्हणाले गं. अक्षरं मी काढली."

बटणनं थोडा विचार केला. 'आर'च्या पायावरून बोट पार टोकापर्यंत नेलं, तिथंच ठेवलं आणि मान वर करून विचारलं, "आई, मग ह्यातली अक्षरं तू घरी घेऊन गेलीस, तर आजोबांचं काय उरेल?"